विश्लेषण : रोज पाठीवर न्यायचा लॅपटॉप कसा निवडावा? धुळ्याच्या उन्हात १४ इंचाचा हिशेब

बारावीचा निकाल, सीईटी आणि प्रवेशफेऱ्या आटोपत आल्या की धुळ्यात लॅपटॉप खरेदीचा हंगाम सुरू होतो. अभियांत्रिकी, फार्मसी, बीसीए किंवा बीबीएला प्रवेश मिळालेल्या मुलाला किंवा मुलीला घेऊन पालक आग्रा रोडवरच्या दुकानात जातात. दुकानात प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि सवलत यांची चर्चा होते. चार्जरसह वजन किती, बॅटरी प्रत्यक्षात किती तास चालेल, मे महिन्याच्या उन्हात मशीन कसे वागेल आणि बिघडल्यावर दुरुस्ती कुठे होईल, हे प्रश्न मात्र बहुधा राहून जातात.

अनेक घरांत ही खरेदी वर्षाच्या मोठ्या खर्चांपैकी एक असते. कापसाचे किंवा कांद्याचे पैसे हाती आल्यावर, नाहीतर हप्त्यांवर घेतलेला लॅपटॉप किमान चार वर्षे चालला पाहिजे, अशी अपेक्षा असते. त्यामुळे चुकीची निवड महागात पडते. रोज ने-आण करणाऱ्यांसाठी १४ इंची लॅपटॉप हा मधला पर्याय सध्या सर्वाधिक व्यवहार्य का ठरतो आणि तो कोणासाठी योग्य नाही, याचा हा आढावा.

मध्यम आकार म्हणजे नेमका किती?

लॅपटॉपचा आकार स्क्रीनच्या कर्णावरून, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. बाजारात साधारण तीन गट दिसतात : १३ इंचाच्या आसपासचे छोटे, १४ इंचाचे मध्यम आणि १५.६ किंवा १६ इंचाचे मोठे. कर्णाचा आकडा मात्र फसवा असतो, कारण त्यातून स्क्रीनची उंची कळत नाही.

पूर्वी बहुतेक लॅपटॉपची स्क्रीन १६:९ या प्रमाणात असे. हे प्रमाण चित्रपट पाहायला सोयीचे. आता अनेक १४ इंची लॅपटॉपमध्ये १६:१० प्रमाणाची, म्हणजे थोडी उंच स्क्रीन मिळते. गणित मांडले तर १५.६ इंची १६:९ स्क्रीनची उंची सुमारे १९.४ सेंटिमीटर भरते, तर १४ इंची १६:१० स्क्रीनची सुमारे १८.९ सेंटिमीटर. फरक जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा. पीडीएफ नोट्स वाचताना, कोड लिहिताना किंवा वर्डमध्ये अर्ज तयार करताना उंचीच कामी येते. रुंदीत मात्र १४ इंची स्क्रीन सुमारे साडेचार सेंटिमीटरने कमी असते. त्यामुळे मशीन साध्या सॅकमध्ये सहज बसते आणि एसटीच्या सीटवर मांडीवर ठेवूनही शेजाऱ्याला कोपर लागत नाही.

म्हणून '१४ इंच म्हणजे छोटा' असे समजून तो नाकारण्याआधी स्क्रीनचे प्रमाण विचारावे. '१९२० बाय १२००' असे रिझोल्यूशन लिहिलेले असेल तर स्क्रीन १६:१० आहे आणि '१९२० बाय १०८०' असेल तर १६:९, ही सोपी खूण.

वजन चार्जरसह का मोजायचे?

जाहिरातीत लिहिलेले वजन फक्त लॅपटॉपचे असते. सॅकमध्ये मात्र चार्जरही जातो. सर्वसाधारण १४ इंची लॅपटॉप १.३ ते १.६ किलोचा असतो, त्याचा ६५ वॉटचा चार्जर वायरीसह ३०० ग्रॅमच्या आसपास. १५.६ इंची साधा लॅपटॉप १.६ ते १.९ किलोपर्यंत जातो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप सव्वादोन ते अडीच किलोचा असतो आणि त्याच्या जाड चार्जरचे वजन अर्ध्या किलोच्या पुढे जाते.

साक्री किंवा शिरपूरहून रोज एसटीने धुळ्याला येणाऱ्या ५५ किलो वजनाच्या विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. सॅकमध्ये एक लिटर पाण्याची बाटली, डबा आणि दोन पुस्तके मिळून सुमारे २.७ किलो होतात. त्यात १४ इंची लॅपटॉप आणि चार्जर मिळून १.७ किलोची भर पडली तर एकूण वजन ४.४ किलो. त्याऐवजी गेमिंग लॅपटॉप आणि त्याचा चार्जर असे ३ किलो आले, तर सॅक ५.७ किलोची होते.

केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दहावीपर्यंतच्या विद्यार्थ्याचे दप्तर त्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हा नियम लागू नाही, पण पाठ तीच असते. वरच्या उदाहरणात १० टक्क्यांची मर्यादा साडेपाच किलो येते. १४ इंची लॅपटॉप त्या मर्यादेत बसतो, गेमिंग लॅपटॉप बसत नाही. गर्दीच्या बसमध्ये तासभर उभे राहून यायचे असेल, तर हा सव्वा किलोचा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवतो. आणि जड लॅपटॉप हळूहळू घरीच राहू लागतो. घरीच राहणार असेल, तर त्याच पैशांत डेस्कटॉप अधिक वेगवान मिळाला असता.

'१२ तास बॅटरी' या दाव्याचा अर्थ काय?

कंपन्यांचे बॅटरीचे दावे बहुधा कमी प्रकाशात सलग व्हिडिओ चालवून काढलेले असतात. प्रत्यक्ष वापरात ब्राउझरचे दहा टॅब, वायफाय, अधूनमधून व्हिडिओ कॉल आणि वाढवलेला ब्राइटनेस असतो. त्यामुळे तासांचा दावा बाजूला ठेवून बॅटरीची क्षमता पाहावी. ती 'वॉट-अवर' या एककात दिलेली असते.

हिशेब सोपा आहे. क्षमतेला सरासरी वीजवापराने भागले की तास मिळतात. रोजच्या साध्या कामात १४ इंची लॅपटॉप सरासरी १० वॉट वीज घेतो असे धरले, तर ४२ वॉट-अवरची बॅटरी सुमारे ४ तास चालेल आणि ६० वॉट-अवरची ६ तास. बॅटरी वर्षागणिक थोडी क्षीण होते. २० टक्के क्षमता गेली की हेच आकडे अनुक्रमे सव्वातीन तास आणि पावणेपाच तासांवर येतात. सकाळी सातला घर सोडून संध्याकाळी सहाला परतणाऱ्यासाठी हा फरक म्हणजे दुपारच्या प्रॅक्टिकलला प्लग शोधावा लागणे किंवा न लागणे.

एकाच मॉडेलमध्ये दोन वेगवेगळ्या क्षमतेच्या बॅटऱ्या येऊ शकतात. स्वस्त आवृत्तीत बहुधा छोटी बॅटरी असते. म्हणून फक्त मॉडेलचे नाव न पाहता खोक्यावरचा किंवा कंपनीच्या तपशील-पानावरचा वॉट-अवरचा आकडा पाहावा. ५० पेक्षा कमी असेल तर रोज बाहेर राहणाऱ्याने पुन्हा विचार करावा.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे यूएसबी टाइप-सी चार्जिंग. ते असेल तर एकच ६५ वॉटचा चार्जर लॅपटॉप आणि मोबाइल या दोन्हींना चालतो. चार्जर हरवला किंवा खराब झाला तर कंपनीच्या खास पिनची वाट पाहावी लागत नाही. योग्य क्षमतेची पॉवर बँकही वापरता येते. २० हजार एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे ७४ वॉट-अवर ऊर्जा असते. रूपांतरातील घट धरूनही ती लॅपटॉपला एकदा जवळपास पूर्ण चार्ज करू शकते. मात्र पॉवर बँकेचे आउटपुट ६५ वॉटच्या आसपास हवे. मोबाइलसाठीची १८ किंवा २२ वॉटची पॉवर बँक त्यासाठी पुरेशी नसते. शिवाय लॅपटॉपवर टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे त्यातून चार्जिंग होईलच असे नाही. हे दुकानातच चार्जर लावून तपासावे.

वीज खंडित झाल्यावर डेस्कटॉप तत्काळ बंद पडतो, लॅपटॉप चालू राहतो. गावातून शिकणाऱ्यांसाठी हा मोठा फायदा. मात्र वायफाय राउटरलाही छोटा यूपीएस नसेल तर इंटरनेटसाठी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अवलंबून राहावे लागते.

४२ अंशांत लॅपटॉपचे काय होते?

खान्देशातील खरेदीदाराने सर्वाधिक लक्ष द्यावे असा हा मुद्दा आणि त्याची चर्चा सर्वात कमी होते. बहुतेक लॅपटॉपच्या तपशील-पानावर वापराचे कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस दिलेले असते. ॲपलचे मॅकबुक १० ते ३५ अंशांत वापरावे, असे कंपनी सांगते. धुळे आणि जळगावात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. पत्र्याच्या छताखालची खोली त्याहूनही तापते. म्हणजे वर्षातले काही आठवडे लॅपटॉप त्याच्यासाठी सांगितलेल्या मर्यादेबाहेर काम करत असतो.

प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांपर्यंत तापू शकतो. त्यापुढे तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पंखा उष्णता बाहेर टाकतो, पण किती टाकेल हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. खोलीत २५ अंश असतील आणि प्रोसेसर ९५ अंशांवर असेल तर फरक ७० अंशांचा. खोलीत ४२ अंश असतील तर तो ५३ अंशांवर येतो. त्याच पंख्याची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता साधारण एक चतुर्थांशाने घटते. वातानुकूलित शोरूममध्ये झपाट्याने चालणारा लॅपटॉप मे महिन्यात घरी मंद वाटतो, त्यामागचे हे एक कारण.

उष्णतेचा अधिक टिकाऊ परिणाम बॅटरीवर होतो. लिथियम-आयन बॅटरीबाबत 'बॅटरी युनिव्हर्सिटी' या संदर्भस्थळाने दिलेल्या ढोबळ आकड्यांनुसार, १०० टक्के चार्ज केलेली बॅटरी वर्षभर २५ अंशांत ठेवली तर सुमारे ८० टक्के क्षमता शिल्लक राहते, ४० अंशांत ठेवली तर ६५ टक्के. तीच बॅटरी ४० टक्के चार्जवर ठेवली तर ४० अंशांतही सुमारे ८५ टक्के क्षमता उरते. म्हणजे पूर्ण चार्ज आणि उष्णता एकत्र आल्या की बॅटरी लवकर म्हातारी होते.

उपाय खर्चिक नाहीत. बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. घरी सतत प्लग लावून काम करताना ती सुरू ठेवावी. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये, खालच्या जाळ्या बंद होतात. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत किंवा दुचाकीच्या डिकीत तो कधीही ठेवू नये. घरात डेझर्ट कूलर असेल तर खोली थंड होण्याचा फायदा लॅपटॉपला मिळतो, पण कूलरच्या थेट झोतासमोर ठेवल्यास ओलावा आणि तुषार आत जाण्याचा धोका असतो. वर्षातून एकदा, उन्हाळा सुरू होण्यापूर्वी, पंख्यातील धूळ साफ करून घ्यावी.

आणखी एक सवय महत्त्वाची. नुसते झाकण मिटल्यावर विंडोज लॅपटॉप 'स्लीप'मध्ये जातो आणि काही वेळा सॅकमध्येच जागा होऊन तापतो. बसमध्ये बसण्यापूर्वी तो 'शट डाउन' किंवा 'हायबरनेट' करावा.

स्क्रीन किती उजळ हवी?

स्क्रीनचा उजेड 'निट्स'मध्ये मोजतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये २५० निट्सची स्क्रीन सर्रास असते. बंद खोलीत ती पुरते. पण ओसरीवर, महाविद्यालयाच्या व्हरांड्यात किंवा बसच्या खिडकीशेजारी अक्षरे धूसर दिसतात. किमान ३०० आणि शक्य असल्यास ४०० निट्स घ्यावेत. चकाकी रोखणारी मॅट स्क्रीन अशा जागी अधिक उपयोगी. तपशिलात '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिले असेल तर रंग फिके दिसतात. छायाचित्रण, डिझाइन किंवा छपाईचे काम करणाऱ्यांनी '१०० टक्के एसआरजीबी' स्क्रीन मागावी.

भागाला साजेसे मशीन बनवण्याचा एक प्रयोग महाराष्ट्राने पाहिला आहे. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक प्रकल्पाचा भारतातील पथदर्शी प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैरात गावच्या शाळेत सुरू झाला. तेथे दिलेला 'एक्सओ' लॅपटॉप ताकदीने अगदी मामुली होता. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, मेमरी २५६ एमबी आणि साठवण १ जीबी. पण त्याची साडेसात इंची स्क्रीन भर उन्हातही वाचता येत असे, कीबोर्ड रबराने झाकलेला असल्याने धूळ-पाणी आत जात नसे आणि आत पंखा किंवा फिरणारी हार्ड डिस्क नव्हती. १०० डॉलरमध्ये लॅपटॉप देण्याचे प्रकल्पाचे उद्दिष्ट साधले नाही, किंमत दुपटीच्या जवळ गेली आणि पुढे प्रकल्प मागे पडला. तरीही मशीन कुठे वापरले जाणार, याचा विचार आधी आणि ताकदीचा नंतर, ही त्यामागची रीत खरेदीदाराने आजही उचलावी अशी आहे.

प्रोसेसरच्या नावातील आकडे कसे वाचावेत?

'आय ५ आहे' किंवा 'रायझन ५ आहे' एवढ्याने काही कळत नाही. नावाच्या शेवटी असलेले अक्षर पाहावे. इंटेलच्या १३व्या पिढीत शेवटी 'यू' असलेल्या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा १५ वॉट, तर 'एच' असलेल्याची ४५ वॉट असते. 'एच' अधिक ताकदवान, पण त्याला मोठा पंखा आणि मोठी बॅटरी लागते. वर्ड, एक्सेल, ब्राउझर, प्रोग्रामिंग आणि ऑनलाइन वर्गासाठी 'यू' पुरेसा आहे, शिवाय उन्हाळ्यात तो कमी तापतो.

एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा अंक महत्त्वाचा. तो प्रोसेसरच्या आतली रचना किती नवी आहे ते सांगतो. 'रायझन ५ ७५२०यू' मध्ये तिसरा अंक २ आहे, म्हणजे आतली रचना झेन २ ही जुनी. '७५३०यू' मध्ये झेन ३ आणि '७६४०यू' मध्ये झेन ४. तिन्ही 'रायझन ५' आणि तिन्ही '७०००' मालिकेतीलच, पण कामगिरीत मोठा फरक. ऑनलाइन सेलमध्ये स्वस्त दिसणाऱ्या अनेक लॅपटॉपचे रहस्य या एका अंकात असते.

क्वालकॉमचे स्नॅपड्रॅगन प्रोसेसर असलेले विंडोज लॅपटॉप बॅटरीत सरस ठरतात, पण काही जुनी सॉफ्टवेअर आणि प्रयोगशाळेतील उपकरणांचे ड्रायव्हर त्यांवर चालत नाहीत. मॅकबुक एअर १.२४ किलोचा आणि पंख्याविना शांत चालणारा, मात्र सॉलिडवर्क्ससारखे मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमातील सॉफ्टवेअर मॅकसाठी उपलब्ध नाही. त्यामुळे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आपल्या शाखेतील सॉफ्टवेअरची यादी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून आधी घ्यावी आणि मग लॅपटॉप निवडावा.

रॅम किती घ्यावी?

चार वर्षांचा विचार असेल तर १६ जीबी. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ४ जीबी सांगितले असले, तरी ते केवळ सुरू होण्यापुरते. ८ जीबीमध्ये ब्राउझर, पीडीएफ आणि व्हिडिओ कॉल एकत्र चालवले की मशीन अडखळू लागते.

येथे एक अडचण आहे. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. ती नंतर वाढवता येत नाही. 'आत्ता ८ घ्या, पुढे वाढवू' हा सल्ला अशा मॉडेलला लागू नाही. रॅमचा मोकळा स्लॉट आहे का, हे लेखी विचारावे. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव जगभर वाढले. त्यामुळे काही मॉडेल कमी रॅमसह जुन्याच किमतीला विकली जाण्याची शक्यता लक्षात ठेवावी. साठवणुकीसाठी ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी पुरते. ती बहुतेक मॉडेलमध्ये नंतर बदलता येते.

१४ इंची कोणी घेऊ नये?

प्रत्येकाला हा आकार सोयीचा नाही. बाजार समितीतील अडत्याचे किंवा कर सल्लागाराचे कार्यालय घ्या. दिवसभर टॅलीमध्ये आकडे भरायचे असतील तर उजवीकडचा स्वतंत्र आकडेपॅड हवा. तो १४ इंची लॅपटॉपमध्ये बहुधा नसतो, १५.६ इंचीत असतो. यूएसबीचा वेगळा आकडेपॅड जोडता येतो, पण लॅपटॉप टेबलावरून हलणारच नसेल तर मोठा घेणेच योग्य. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने व्यवसायाच्या नावे बिल घ्यावे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. करासह ६० हजारांच्या बिलात सुमारे ९ हजार १५० रुपये कर असतो आणि व्यवसायासाठी वापर असल्यास नियमांनुसार त्याचे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळू शकते.

थ्रीडी मॉडेलिंग, व्हिडिओ संपादन किंवा स्वतःच्या मशीनवर एआयची मॉडेल चालवणाऱ्यांना ग्राफिक्स कार्ड लागते. त्यांनी वजन, उष्णता आणि दोन-अडीच तासांची बॅटरी स्वीकारूनच मोठा लॅपटॉप घ्यावा. दृष्टी कमजोर असलेल्या ज्येष्ठांनाही मोठी स्क्रीन सोयीची.

दुरुस्ती धुळ्यात होईल का?

वॉरंटीच्या कागदावर 'ऑनसाइट' आणि 'कॅरी-इन' असे दोन प्रकार असतात. ऑनसाइटमध्ये तंत्रज्ञ घरी येतो. कॅरी-इनमध्ये ग्राहकाला सेवा केंद्रात जावे लागते आणि त्या कंपनीचे केंद्र नाशिकला असेल तर एका बिघाडासाठी दोन फेऱ्या म्हणजे सहाशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास. त्यामुळे खरेदीपूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड टाकून पाहावा. धुळे शहराच्या ४२४००१ ला मिळणारी सेवा साक्रीच्या ४२४३०४ किंवा शिरपूरच्या ४२५४०५ ला मिळेलच असे नाही.

'मिलिटरी ग्रेड' हा शिक्का वॉरंटी नव्हे. 'एमआयएल-एसटीडी ८१०' हे अमेरिकी लष्कराचे चाचणी-मानक आहे. कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनीच ठरवते. पडून स्क्रीन फुटली तर साध्या वॉरंटीत खर्च मिळत नाही, त्यासाठी अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. रोज एसटीने जाणाऱ्यासाठी पहिल्या वर्षाचे हे संरक्षण विचारात घेण्याजोगे आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. वॉरंटी आणि दुरुस्तीची माहिती तेथे पाहता येते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पक्के बिल आणि त्यावर सिरियल नंबर असेल तरच तक्रारीला बळ मिळते.

बजेट कमी असेल तर?

मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले वापरलेले लॅपटॉप हा चांगला पर्याय ठरू शकतो. लेनोवोचे थिंकपॅड टी १४, डेलचे लॅटिट्यूड ५४०० किंवा एचपीचे एलिटबुक ८४० ही मॉडेल १४ इंचीच आहेत. त्यांचे कीबोर्ड आणि बिजागऱ्या दणकट असतात आणि सुटे भाग मिळतात. मात्र विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर हवा. सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी सुरक्षेच्या दृष्टीने तो टाळावा.

वापरलेल्या लॅपटॉपचा 'बॅटरी रिपोर्ट' काढून दाखवण्यास विक्रेत्याला सांगावे. विंडोजमध्ये ही सोय असते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दिसते. आजची क्षमता मूळच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.

दुकानात काय तपासावे?

- लॅपटॉप आणि चार्जर एकत्र वजनकाट्यावर ठेवावेत. दोन किलोच्या आत असावेत.
- दुकानाच्या दाराशी, उजेडात स्क्रीन वाचून पाहावी.
- एक परिच्छेद टाइप करावा. मराठी टाइप करत असाल तर तोही.
- एका हाताने झाकण उघडून बिजागरी डगमगते का ते पाहावे.
- टाइप-सीचा चार्जर लावून चार्जिंग सुरू होते का ते पाहावे.
- पेनड्राइव्हसाठी साधे यूएसबी आणि प्रोजेक्टरसाठी एचडीएमआय पोर्ट आहे का ते पाहावे.
- विंडोज आणि ऑफिस मूळ परवान्यासह आहेत का, ऑफिस कायमचे की वर्षभराचे, हे बिलावर लिहून घ्यावे.
- पंधरा मिनिटे व्हिडिओ चालवून कीबोर्डचा मधला भाग किती तापतो ते हात लावून पाहावे.

निष्कर्ष काय?

रोज घराबाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी, शिक्षकासाठी किंवा तालुक्यात फिरणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी १४ इंची, १६:१० स्क्रीन, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ५० वॉट-अवरच्या पुढची बॅटरी, टाइप-सी चार्जिंग आणि आपल्या पिनकोडला मिळणारी ऑनसाइट वॉरंटी हा समतोल संच आहे. पैसे कमी पडत असतील तर प्रोसेसरची एक पायरी खाली उतरावे, ग्राफिक्स कार्ड सोडावे. रॅम, बॅटरी आणि वॉरंटीत मात्र तडजोड करू नये. मंद प्रोसेसरमुळे कामाला काही मिनिटे जास्त लागतील, पण दुपारी दोनला बंद पडणारा किंवा जड म्हणून घरी ठेवलेला लॅपटॉप ऐन कामाच्या वेळी उपयोगाला येत नाही.